आधी पत्रा बघ

तुझा फोटो रात्री साडेअकराला आला, आणि मग झोप कुठली लागते मला. श्रीरामपूरच्या त्या वाड्यातली क्रीम रंगाची पद्मिनी. देखणी आहे, नाही म्हणणार नाही. पुढची चकचकीत जाळी, दाराला ती तिकोनी छोटी काच, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. आत्याच्या लग्नात वरातीला भाड्यानं आणलेली अगदी अशीच होती. तू मागच्या सीटवर उलटी केली होतीस, आठवतं? तर तुझं मन तिच्यात अडकलं हे मला कळतं. पण बाई, तुझ्याकडे आहेत नव्वद हजार, त्यातले तीस भिशीचे. आणि गाडी कशाला हवीय, तर संगमनेरहून रोज शाळेत जायला. मिरवायला नव्हे.

विकणारा म्हणतो, ‘विंटेज आहे.’ त्याला म्हणावं, काका, गाडी 1989 ची आहे. केंद्राच्या 2021 च्या नियमात विंटेज म्हणजे पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात राहिलेली गाडी. तिला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो आणि ती रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे खरोखर विंटेज असती तर तुझ्या उपयोगाची नव्हती, आणि नाही तर ती नुसती जुनी आहे. दोन्हीकडून किंमत वाढायचं कारण नाही.

पद्मिनीवर माझा राग नाही गं. आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 बनू लागली, आणि 1974 पासून तीच पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटची टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदली, 2023 ला तिची वीस वर्षांची मुदत संपली. टॅक्सी पळत होत्या तोवर पार्टही फिरत होते. आता एखादी बारीक वस्तू गेली तरी कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात माणूस धाडायचा, तोवर गाडी अंगणात आणि तू एसटीच्या रांगेत. हौसेची दुसरी गाडी म्हणून पुढे कधीतरी घे, मीच येईन बरोबर. पहिली गाडी म्हणून नको.

पहिली गाडी मारुती 800 घे. नाक मुरडू नकोस. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग नावाच्या गृहस्थांच्या हातात पहिल्या गाडीची चावी दिली, किंमत होती 47,500 रुपये. त्या गृहस्थांनी 2010 मध्ये डोळे मिटेपर्यंत ती गाडी विकली नाही. 2014 च्या जानेवारीत शेवटची 800 बाहेर पडली. तीस वर्षं एकच गाडी निघाली, म्हणून तर राहुरीपासून जामखेडपर्यंत कुठल्याही टपरीवजा गॅरेजात तिचा पार्ट आणि तिला ओळखणारा मिस्त्री सापडतो. आपल्या नगरच्या कारखान्यातल्या लुनाचं जे होतं तेच. आप्पांची लुना रस्त्यात बंद पडली तर किराणा दुकानदारसुद्धा प्लग काढून पुसून द्यायचा.

आता बघायची कशी ते सांगते. हे मी पदरचे पैसे घालवून शिकलेय.

माझी पहिली 800 आठवते ना, लाल? गल्लीतून आणली तेव्हा दाजी पेढे घेऊन उभे. रंग असा की तोंड दिसावं. आणि पहिल्याच पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालची चटई ओली. उचलून बघते तर खाली पत्रा नाहीच, पुट्टी आणि वर डांबरासारखं काहीतरी फासलेलं. बोटानं दाबलं तर बिस्किटासारखा तुकडा पडला आणि खालचा रस्ता दिसला. ज्यानं विकली त्यानं फोन उचलणं बंद केलं. वेल्डिंग, डेंटिंग, पेंटिंग मिळून गाडीच्या किमतीच्या निम्मे गेले.

तेव्हापासून माझं एकच सांगणं: इंजिनाला घाबरू नकोस, पत्र्याला घाबर. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ते. उतरवून, उघडून, रिंगा-व्हॉल्व्ह करून परत बसवणारे मिस्त्री जिल्हाभर आहेत आणि खर्चाचा अंदाज आधी सांगतात. सडलेल्या पत्र्याचा अंदाज कुणीही सांगू शकत नाही. एक भोक बुजवायला घेतलं की शेजारचं दिसतं.

म्हणून लोहचुंबक ने. मी आमच्या फ्रिजवरचा शिर्डीचा साईबाबांचा मॅग्नेट नेते, पातळ रुमालात गुंडाळून, म्हणजे रंगावर ओरखडा नको. दाराची खालची कड, चाकांच्या वरची कमान, दाराखालची पट्टी, इथे हळूहळू फिरवायचा. धरतोय, धरतोय आणि एकदम घसरला, की समज तिथे पुट्टी आहे. थोडी असेल तर चालेल, वीतभर असेल तर चहा पिऊन निघून ये. डिकीतली चटई उचल, पुढच्या चटया उचल, दाबून बघ, वास घे. कुबट वास आला तर पाणी कुठून तरी शिरतंय. आणि मग गाडीखाली झोप. हो, साडीत नको येऊस, पंजाबी ड्रेस घाल.

यात आपला एक फायदा आहे. आपला मुलूख पर्जन्यछायेचा. दुष्काळानं आपल्याला काय दिलं तर गाड्यांचे पत्रे बरे ठेवले! मुंबई-रत्नागिरीची गाडी खारी हवा खाऊन आलेली असते. नंबर एमएच-16 किंवा एमएच-17 असलेली, इथेच वापरलेली गाडी शोध. दिल्लीकडून स्वस्तात आलेल्या गाडीच्या वाटेला जाऊ नकोस. तिकडे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना आडकाठी झाली आणि त्या इकडे तिकडे पांगल्या. पण परराज्यातली गाडी म्हणजे एनओसी, इथला कर, नवा नंबर. स्वस्त पडत नाही.

पत्र्यानंतर कागद. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो ना, तसा आरसीवर बँकेचा असतो. कर्ज कधीच फिटलेलं असतं पण बोजा उतरवायचा राहिलेला असतो, आणि ती बँक आता तिसऱ्याच बँकेत विलीन झालेली असते. बोजा मालकाला उतरवायला लाव, मग पैसे दे. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर स्वतः डोळ्यांनी जुळवून घे. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की तीस दिवसांच्या आत नाव लावायचं. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांची गाडी चार मालक फिरते आणि चलनं पहिल्या म्हाताऱ्याला येत राहतात. तुझं काम श्रीरामपूरच्या आरटीओत. आणि आरसीवर अहमदनगर दिसलं तर दचकू नकोस, अहिल्यानगर 2024 मध्ये झालं, जुनी पुस्तकं जुन्याच नावाची.

पासिंगचं गणित मात्र आत्ताच डोक्यात घाल. पंधरा वर्षं झाली की नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची. त्याची फी 2022 पासून पाच हजार झाली, आणि 2025 च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. वर पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे 2004 ची गाडी 2010 च्या गाडीपेक्षा दहा हजारांनी स्वस्त मिळाली म्हणून उड्या मारू नकोस. आधी तिचं पासिंग कधीपर्यंत आहे ते विचार. शिवाय 2000 नंतरच्या गाड्यांना कार्बोरेटर नाही, एमपीएफआय आहे. थंडीत चोक ओढत बसावं लागत नाही, पीयूसीला कटकट नाही. दाजींना कार्बोरेटरचीच आवड, त्यांना जेट फुंकायला आवडतं. तुला आठ वाजता पहिला तास घ्यायचाय.

हं, इंजिनाचं एवढं बघ. गाडी थंड असताना जा, मालकाला आधी चालू करून ठेवू देऊ नकोस. बॉनेटला हात लावून बघ, गरम लागलं तर त्यानं काहीतरी झाकलंय. ऑइलचं झाकण काढून उलटं कर. आतून काळं, तेलकट असेल तर ठीक. चहावरच्या सायीसारखं पिवळट-पांढरं काही चिकटलं असेल तर कूलंट ऑइलमध्ये उतरतंय, हेड गॅस्केट गेलंय.

इंजिन तापलं की काय करायचं, हे मला करंजीच्या घाटानं शिकवलं. नवरात्रात सासूबाईंना घेऊन मोहटादेवीला निघाले होते. ऑक्टोबरचं ऊन, मागे तीन बायका, फराळाचे डबे, एसी लावलेला. काट्याकडे लक्षच नाही, गप्पांत. अर्ध्या घाटात गोडसर वास आला आणि बॉनेटमधून वाफ. खाली उतरले आणि अक्कल अशी की पदर गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं. मनगटावरचा डाग अजून आहे, तू विचारतेस ना बांगडी तिथेच का घालतेस. तेव्हा गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, अर्धा तास झाडाखाली बसायचं. काटा वर जाताना दिसला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू. माणसं घामाघूम होतात पण इंजिनाची उष्णता आत ओढली जाते आणि घाट निघतो. सासूबाई त्या दिवशी देवीला काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

कारण फार साधं निघालं. मागचा मालक रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरत होता. आपल्या बोअरच्या पाण्यानं माठाला, नळाला काय थर बसतो माहीत आहे ना? तोच आतल्या नळ्यांना. तेव्हा कूलंटच घालायचं, आणि पंख्याचा आवाज ओळखायला शीक. गाडी गरम झाली की तो आपोआप लागला पाहिजे.

सांभाळायचं फार काही नाही. ऑइल वेळेवर, तीन लिटरही लागत नाही. टायमिंग बेल्ट कधी बदललाय याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धर आणि आल्या आल्या बदल. तो रस्त्यात तुटला तर गाडी जागच्या जागी बसते. बारा इंची टायर छोटे, खड्ड्यात लगेच मार खातात, हवा दर पंधरवड्याला.

एक नवी गोष्ट मात्र आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. गंमत बघ, प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला, जिल्हाभर ऊस झाला, आणि आता त्याच उसाची दारू आपल्या गाडीच्या टाकीत! उसाला भाव मिळतो म्हणून मला राग नाही, पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात, आणि पेट्रोलचा वास येऊ लागतो. गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे टाकून घे, फिल्टर बदल. काही शेकड्यांचं काम. आणि हे पेट्रोल पाणी ओढतं, म्हणून मे महिन्यात इकडे आलीस तर भरलेली टाकी दीड महिना तशीच ठेवू नकोस.

गाडी उभी ठेवली की जास्त बिघडते हे तर खरंच. लेकाला घेऊन नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेले होते, तिथे रोल्स रॉईसची जुनी चिलखती मोटार आहे. झकास रंगवलेली, आणि जागची हलत नाही. लेक म्हणाला, ‘मम्मी, हिला पेट्रोल घाला ना.’ तुझी गाडी आठवड्यातून दोनदा तरी दहा-वीस किलोमीटर फिरव.

आणि एक ऐक, हे ताई म्हणून. 800 मध्ये एअरबॅग नाही, पत्रा पातळ. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या अंधारात, मागे दिवा नसताना उभ्या असतात. दिवस मावळायच्या आत घरी. पट्टा लावायचा, मागे बसलेल्यांनीही. ब्रेकवर पैसे वाचवायचे नाहीत, सीटकव्हरवर वाचव.

पैशांचं असं कर. नव्वदपैकी साठाच्या वर गाडीला देऊ नकोस. दहा नाव लावायला, विम्याला आणि नंबरप्लेटला. वीस बेल्ट, पाइप, टायर, ब्रेकला राखून ठेव. भिशीचे तीस गाडीत घालणारच असशील तर पुढचा हप्ता कुठून देणार ते मला आधी सांग, ओरडणार नाही.

केडगावात दाजींच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांची 2009 ची पांढरी 800 आहे. एकच मालक, घरासमोर शेडखाली असते, रंग उडालेला आहे. तो उडालेलाच मला आवडला, म्हणजे कुणी वरून काही फासलं नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं ये, ऊन चढायच्या आत बघू. मास्तरांना सांगून ठेवलंय, आधी चालू करू नका म्हणून. साईबाबा मी घेते, तू जुनी चादर आण, खाली अंथरायला.