भरतीनंतरची धाव

आमच्या शिरगावात पहाटे मुले धावताना दिसली, की जाणती माणसे म्हणतात, "भरतीची तयारी दिसते." भरती झाली किंवा हुकली, की हे धावणे बहुधा थांबते. पण ज्याचे धावणे भरतीनंतरच खऱ्या अर्थाने सुरू झाले, अशा एका मराठी धावपटूचा परिचय मला येथे करून द्यावयाचा आहे.

अविनाश मुकुंद साबळे याचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ रोजी बीड जिल्ह्यातील, आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी झाला. आईवडील वीटभट्टीवर राबत. शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर. ते अंतर तो पायीच तोडी. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीनचे बर्फ, राजस्थानची वाळू आणि सिक्कीमचे डोंगर त्याने जवान म्हणून अनुभवले. २०१५ साली, विशी गाठल्यावर, तो सैन्यातील क्रॉसकंट्री शर्यतींत उतरला. पुढे प्रशिक्षक अमरीशकुमार यांच्या हाताखाली तो स्टीपलचेसकडे वळला.

ही शर्यत तीन हजार मीटरांची. तीत २८ वेळा अडथळे व ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते आणि पाय लागला तरी तो कोसळत नाही. कोसळतो तो धावपटू. म्हणून दमलेल्या पायांनीही गती न मोडता उडी साधणे, हेच येथील खरे कसब.

गोपाळ सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम (८ मि. ३०.८८ से.) अविनाशने २०१८ मध्ये मोडला. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मि. ०९.९१ से. अशी वेळ दिली. राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ ते २०१८ पर्यंत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच नेत असे. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे त्याने रौप्यपदक मिळवून ती परंपरा खंडित केली. सुवर्ण केवळ ०.०५ सेकंदाने हुकले. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ते सुवर्णही आले. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत तो अकरावा आला.

मला वाटते, यातून एक प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. अविनाशचे गुण शाळेच्या मैदानावर नव्हे, तर सैन्यात उजेडात आले. भरतीत जेमतेम १६०० मीटरच धावावे लागते. त्यापुढे कोणाचा दम किती, हे कोण पाहणार? आपल्या क्रीडासंमेलनात पाच हजार मीटरांची शर्यत ठेवून प्रत्येकाची वेळ वर्षानुवर्षे नोंदविली, तर एवढ्या साध्या वहीतूनही एखादा धावपटू वेळीच सापडेल.