सागरावरील मापें व त्यांची पारख

सुज्ञ गिऱ्हाईक धान्य मोजून घेण्यापूर्वीं तराजूच्या रिकाम्या पारड्यांकडे पाहतें. पारडीं समतोल नसतील, तर वजनें खरीं असूनही माप खोटें ठरतें. सागराचें संशोधन करणाऱ्या जहाजांवर ही दक्षता अधिकच लागते. कारण तेथें यंत्रें ठेवावयाची जागाच स्थिर नसते.

प्रथम वाऱ्याचें उदाहरण घेऊं. जहाजाच्या डोलकाठीवर वायुवेगमापक बसवितात. हवा अगदीं निश्चल आहे आणि जहाज ताशीं 10 सागरी मैल वेगानें पूर्वेकडे चाललें आहे, अशी कल्पना करा. यंत्र काय सांगेल? पूर्वेकडून 10 मैलांचा वारा आहे, असें! सायकलवरून वेगानें जाणाऱ्या मुलास हा अनुभव आहेच. आतां पश्चिमेकडून खरोखर 10 मैलांचा वारा सुटला, तर यंत्र शून्य दाखवील. म्हणून जहाजाची गति व दिशा हिशेबांत घेऊनच खरा वारा काढावा लागतो.

पाण्याची उष्णता मोजणेंही वाटतें तितकें सोपें नाहीं. पूर्वीं कॅनव्हसची बादली समुद्रांत सोडून पाणी वर घेत व त्यांत तापमापक बुडवीत. परंतु ओल्या कॅनव्हसमधून पाण्याची वाफ होते आणि आपल्या घरच्या माठांतल्याप्रमाणें आंतील पाणी थंड होतें. पुढें यंत्रघरांत घेतल्या जाणाऱ्या पाण्याची उष्णता मोजूं लागले. तेथें यंत्रांच्या उष्णतेमुळें आंकडा अधिक येण्याचा संभव! सागर शंभर वर्षांत किती तापला, हें शोधणाऱ्या शास्त्रज्ञांस म्हणून प्रत्येक जुनी नोंद कोणत्या रीतीनें घेतली होती, हें आधीं पाहावें लागतें.

खोल पाण्याची गोष्ट याहून कठीण. डिसेंबर 1872 मध्यें ‘चॅलेंजर’ हें ब्रिटिश जहाज सागरसंशोधनास निघालें, तें मे 1876 मध्यें परत आलें. शास्त्रज्ञांचे प्रमुख चार्ल्स वायव्हिल थॉमसन हे होते. 23 मार्च 1875 रोजीं पश्चिम पॅसिफिक महासागरांत त्यांना 4,475 वांव, म्हणजे आठ हजार मीटरांहून अधिक खोली आढळली. दर 10 मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो. तेव्हां तेथें तो सुमारें आठशें पट होतो. अशा दाबानें तापमापकाची कांच आवळली जाते व पारा खोटा चढतो. म्हणून त्याच्या फुग्यावर कांचेचें दुसरें आवरण घालीत.

तरीही एक उणीव राहिली. तो तापमापक वाटेंत लागलेलें सर्वांत कमी तापमान दाखवी, तें कोठें लागलें हें सांगत नसे. 1874 सालीं दक्षिणेकडील हिमखंडांजवळ वरचें पाणी अधिक थंड व खालचें उबदार निघालें. तेथें हें यंत्र निरुपयोगी ठरलें. त्याच वर्षीं लंडनच्या नेग्रेटी व झांब्रा या कारागिरांनीं नवी युक्ति काढली. त्यांच्या तापमापकाच्या नळीचा गळा एके ठिकाणीं अरुंद असे. इष्ट खोलीवर यंत्र उलटें केलें कीं पाऱ्याचा धागा तेथें तुटे आणि त्या ठिकाणचें तापमान जणूं मोहोरबंद होऊन वर येई.

सफरीनंतर एडिंबरो येथील प्राध्यापक पीटर टेट यांनीं ‘चॅलेंजर’वरील तापमापक पुन्हां दाबाखालीं तपासले. दाबाच्या चुकीबद्दल आधीं ठरविलेली वजावट फार मोठी होती, असें त्यांना आढळलें. कारण दाबानें पाणीही किंचित् तापतें, हें पूर्वींच्या परीक्षेंत पुरतें लक्षांत घेतलेलें नव्हतें. दुरुस्तीलाच दुरुस्ती करावी लागली!

आज विद्युत्-यंत्रें तारेला बांधून खोल सोडतात. तीं पाण्याची उष्णता, दाब व विद्युद्वाहकता क्षणोक्षणीं वर कळवितात, आणि वाहकतेवरून खारटपणा काढतां येतो. तरीही बाटल्यांतून पाणी वर आणून तो आंकडा पडताळतात. वादळाचा अंदाज अशा आंकड्यांवर अवलंबून असतो, आणि त्या अंदाजावर कोळ्यांचे प्राण.

विद्यार्थिमित्रांनो, प्रयोगशाळेंत आंकडा टिपतांना यंत्र कोणतें, तें कोठें ठेविलें होतें व केव्हां तपासलें होतें, हेंही शेजारीं लिहा. आंकडा अपेक्षेप्रमाणें आला नाहीं, तर तो खोडून सोयीचा लिहूं नका. यंत्र पुन्हां तपासा.