नदीवरून परतलेल्या कुत्र्याची निगा

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत कार्याचा आढावा यावा, देणगीदारांचे ऋण मान्य व्हावे, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, हे रीतीला धरूनच आहे. अशा पानांत कुत्र्याच्या कातडीवर लेख कशासाठी, असा प्रश्न कोणी केल्यास तो गैर म्हणता येणार नाही. आमचे उत्तर साधे आहे. केस झडलेला, अंगभर चट्टे पडलेला, परंतु गळ्यावर पट्ट्याची खूण राहिलेला कुत्रा रस्त्यावर कधीमधी आपल्या दृष्टीस पडतो. तो काही जन्माचा बेवारशी नव्हे. कोणाच्या तरी अंगणात तो मुलांबरोबर वाढलेला असतो. पुढे अंगाला दुर्गंधी येऊ लागते, मुलांना लागण होईल अशी धास्ती घेतली जाते, आणि त्याला दाराबाहेर काढले जाते. आपले धामनोद आग्रा-मुंबई रस्त्यावरचे गाव. येथे मालमोटारी रात्रंदिवस धावतात, आणि घरात वाढलेल्या जनावरास रस्त्याची जाण नसते. पुढे काय होते, ते सांगावयास नको.

यांपैकी पुष्कळसे त्वचारोग वेळेवर घेतलेल्या अर्ध्या तासाच्या श्रमाने टळण्यासारखे असतात. त्या अर्ध्या तासाचाच हा पाठ आहे.

पाणी नव्हे, ओल

समुद्र आपल्यापासून दूर असला, तरी नर्मदा दाराशी आहे. खलघाटचा काठ व महेश्वरचा परिसर ही आपल्या कुटुंबांची सहलीची नेहमीची ठिकाणे. आणि ज्यांच्या घरी कुत्रा आहे, ते त्यालाही बरोबर नेतात. निमाडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला, म्हणजे पाण्यात डुंबण्यासारखे सुख त्याला दुसरे नाही. पोहणे हा कुत्र्यास उत्तम व्यायामही आहे. तेव्हा त्याला पाण्यात जाऊच देऊ नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. अपाय होतो तो पोहण्याने नव्हे, तर पोहून झाल्यावर अंगात मुरत राहिलेल्या ओलीने.

याचे कारण कातडीच्या रचनेत आहे. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण १० ते १५ थर असतात. कुत्र्याच्या बाह्यत्वचेत ते जेमतेम ३ ते ५ असतात. वरून दाट दिसणाऱ्या केसांखाली इतकी नाजूक कातडी असते. लॅब्रॅडॉर, अल्सेशियन यांसारख्या जातींना वरच्या राठ केसांखाली मऊ लोकरीसारखा दुसरा थर असतो. वरचे केस हाताला कोरडे लागतात, तेव्हाही ही लोकर आत भिजलेलीच असते. कातडीवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे जिवाणू व बुरशी या उबदार ओलीत झपाट्याने वाढतात. आपल्याकडील मुधोळ किंवा गावठी कुत्र्याचे केस आखूड असल्याने तो लवकर वाळतो. परंतु काखा, जांघा, शेपटीचे मूळ व बोटांच्या बेचक्या या जागा त्याच्याही ओल्याच राहतात.

पाणी कोणते, हेही पाहावे. वाहते पाणी निराळे व थांबलेले निराळे. सरदार सरोवर २०१९ साली प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्याच्या फुगवट्याने आपल्या जिल्ह्यातील काठाचा बराच भाग संथ पाण्याचा व गाळाचा झाला आहे. ज्या पाण्यावर हिरवा तवंग आहे, त्यात कुत्र्यास उतरू देऊ नये. अशा तवंगातील काही शेवाळे विषारी असतात व ते पाणी पोटात गेल्यास जिवावर बेतते. पावसाळ्यातील डबक्यांतून उंदरांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो. हा रोग माणसांनाही होत असल्याने कुत्र्यास त्याची लस दरवर्षी टोचून घ्यावी.

अर्ध्या तासाचा क्रम

घरून निघण्यापूर्वी केस विंचरून घ्यावेत. केसांत गुंता असेल, तर पाण्याने तो आवळतो, त्याच्या जटा बनतात आणि जटेखालची कातडी वाळतच नाही. पोहण्यापूर्वी चामड्याचा पट्टा काढावा. ओला पट्टा गळ्यावर राहिला, की त्याखाली चट्टा पडलाच म्हणून समजावे.

पाण्याबाहेर आल्यावर प्रथम स्वच्छ पाण्याने सर्वांग धुवावे. केसांत बोटे घालून पाणी थेट कातडीपर्यंत पोचवावे, म्हणजे गाळ व वाळू निघून जाते. पोट, काखा व पंजे विसरू नयेत. दर वेळी शाम्पू लावण्याचे कारण नाही. वारंवारच्या शाम्पूने कातडीचे नैसर्गिक तेल जाते व खाज सुटते. लावावयाचाच तर कुत्र्यांसाठी केलेला असावा. माणसाची कातडी किंचित आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्यामानाने उदासीन असते. म्हणून आपला साबण त्याला मानवत नाही. शाम्पूचे पाणी नर्मदामाईत मात्र सोडू नये. ही अंघोळ घरच्या अंगणातच घालावी. तसेच यात्रेकरू स्नान करतात त्या घाटावर कुत्र्यास न नेता, प्रवाहाच्या खालच्या अंगास न्यावे, हा शेजारधर्मही पाळावा.

धुतल्यावर त्याला अंग झाडू द्यावे. बरेचसे पाणी तो स्वतःच उडवून टाकतो. मग जुना सुती पंचा घेऊन अंग टिपावे. खसाखसा चोळल्याने लांब केस गुंततात. एक पंचा भिजला की दुसरा घ्यावा. पायाची बोटे फाकवून प्रत्येक बेचकी कोरडी करावी. नंतर सावलीत, वाऱ्याच्या जागी त्याला बसवावे. केस वाळविण्याचे यंत्र घरी असल्यास ते थंड किंवा अगदी मंद झोतावर चालवावे. केस बोटांनी दुभागून पाहावेत. मुळाशी हात कोरडा लागला, म्हणजे काम झाले. याच वेळी कानामागे, मानेवर व बोटांत गोचीड शोधावी. सापडल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. हाताने चिरडू नये.

उन्हाळ्यात वाळूवर नेण्यापूर्वी आपला पालथा हात वाळूवर टेकून पाहावा. पाच-सात सेकंद तो ठेववत नसेल, तर कुत्र्याचे तळवेही तेथे भाजतील.

कान

आपल्या कानाची नळी जवळजवळ सरळ असते. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते व मग आत वळते. त्यामुळे आत शिरलेले पाणी त्या वळणावर साचून राहते. लोंबत्या कानांच्या जातींत वर पाळीचे झाकण. हवा लागत नाही व कान नासतो. म्हणून कानाची पाळी उलटून, बोटाला कापूस किंवा मऊ फडके गुंडाळून, बोट सहज पोचेल तेवढाच भाग पुसावा. काडी आत घालू नये. कुत्रा वारंवार डोके झटकू लागला, मान एका बाजूस कलती धरू लागला, कानास वास येऊ लागला किंवा काळसर मळ दिसला, तर डॉक्टर गाठावा. सतत झटकण्याने पाळीत रक्त साकळते व ती फुगते. आपल्या घरांत कान दुखला की लसूण तळलेले कोमट तेल घालण्याची चाल आहे. कुत्र्याच्या कानात ते कदापि घालू नये. तेलाने ओल आत कोंडते, आणि आतला पडदा फाटलेला असल्यास मोठीच इजा होते.

ओला चट्टा

ओल राहिल्याचे दुसरे फळ म्हणजे ओला चट्टा. काल चांगला असलेला कुत्रा आज एकच जागा चाटत, कुरतडत बसतो. केस गळून लाल, चिकट, ठणकणारी जखम दिसते. काही तासांत ती वाढते. तिच्यावर तेल-हळदीचा लेप देऊ नये. भोवतालचे केस कापून हवा लागू द्यावी, चाटू देऊ नये व त्याच दिवशी पशुवैद्यास दाखवावे. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी : असा चट्टा किंवा ओलीने नासलेला कान सहसा माणसांना लागत नाही. नायटा व खरजेचा एक प्रकार मात्र लागतो; तोही औषधाने बरा होतो. कोणता रोग आहे, हे तपासणीनेच ठरते. केवळ वासावरून निवाडा करून जनावरास घराबाहेर काढणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

लूत लागलेल्या कुत्र्यास मोटारीचे जळके तेल फासण्याची चाल रस्त्याकाठच्या गावांतून आढळते. ते तेल कातडी जाळते, आणि कुत्रा चाटून पोटात घेतो तेव्हा विष ठरते. रॉकेल व फिनेल यांचेही तसेच. गुरांच्या गोचिडांचे औषध गुरांच्या मापाने वापरू नये. घरात मांजर असल्यास अधिकच जपावे. कुत्र्यास चालणारे पर्मेथ्रिनसारखे औषध मांजरास घातक आहे. दुखणे साधे वाटले नाही, तर घाट चढून महूस जावे. १९५५ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय तेथे आहे.

समुद्रावर गेल्यास

आपल्यातील पुष्कळांचे आप्त मुंबईस व कोकणात आहेत, आणि आता मोटारीतून कुत्राही अलिबाग-दापोलीपर्यंत जातो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेले तरी मीठ केसांच्या मुळाशी राहते, कातडी कोरडी पाडते व खाज आणते. कुत्रा ते चाटतो. म्हणून तेथे अंग वाळण्यापूर्वीच गोड्या पाण्याने धुवावे. पिण्याचे पाणीही जवळ ठेवावे. तहानेने तो समुद्राचे पाणी पिऊ लागला, तर ओकारी व जुलाब होतात; अति झाल्यास प्राणही जातो.

दत्तगुरूंच्या चरणांशी बसलेली चार श्वाने आपल्या देवघरातील तसबिरीत आहेत. त्यांना आपण रोज नमस्कार करतो. अंगणातल्या पाचव्याच्या वाट्याला निदान एक कोरडा पंचा व अर्धा तास यावा. न्यासाच्या कुटुंबांतील मुलांवर हे काम सोपवावे, अशी आमची सूचना आहे. ती ते आनंदाने करतील, आणि रोज हात फिरवणाऱ्या मुलाच्या लक्षात पहिला चट्टा आल्यावाचून राहणार नाही.