बालसैनिकाची विज्ञानकादंबरी आणि कुमारवाचक

कुमारांसाठी पुस्तकाची शिफारस करताना मराठीत सामान्यतः योग्य वय आणि सुबोध भाषा हे दोन निकष लावले जातात. ज्या कादंबरीचा नायकच बालसैनिक आहे, तिच्या बाबतीत ते अपुरे ठरतात. ऑर्सन स्कॉट कार्ड यांची ‘एंडर्स गेम’ (१९८५) ही अशी विज्ञानकादंबरी होय. १९७७ मध्ये ‘ॲनालॉग’ मासिकात आलेल्या कथेचा हा विस्तार असून तिला नेब्युला व ह्यूगो हे दोन्ही पुरस्कार लाभले. भिवंडी तालुक्यातील खारबावसारख्या गावातील शिक्षकाने ती नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावी काय, हा येथील विचाराचा विषय आहे.

कादंबरीच्या आरंभी एंडर सहा वर्षांचा आहे. परग्रहवासीयांशी लढण्यासाठी शासन त्याला अंतराळातील युद्धशाळेत नेते. त्याला एकाकी ठेवणे, हा त्याच्या प्रशिक्षणाचाच भाग असतो. त्याच्या हातून दोन मुले मरतात, आणि ही गोष्ट त्याच्यापासून लपवली जाते. अखेरीस, ज्याला तो सरावाचा खेळ समजत होता ते प्रत्यक्ष युद्धच होते आणि त्यात एक संपूर्ण जीवजात नष्ट झाली, हे त्याला कळते.

या रचनेवरील महत्त्वाचा आक्षेप जॉन केसेल यांनी २००४ मध्ये घेतला. हेतू शुद्ध असला की कृत्य क्षम्य ठरते, अशी नीती ही कादंबरी वाचकाच्या गळी उतरवते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. आक्षेप वजनदार आहे. तथापि त्यावरून कादंबरी वर्ज्य ठरत नाही. एंडर निर्दोष की दोषी, याबरोबरच त्याला कोणी आणि काय लपवून लढायला लावले, हेही विचारता येते. हा दुसरा प्रश्न संहितेतच आहे. अधिकाऱ्यांचे संवाद प्रकरणांच्या आरंभी येतात; त्यामुळे एंडरला जे ठाऊक नाही ते वाचकाला कळत जाते.

मराठी कुमाराला हा प्रश्न परका नाही. सोळा वर्षांच्या अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची विद्या अवगत होती, बाहेर पडण्याची नव्हती. त्याने हे सांगितल्यावरही युधिष्ठिराने त्याला पुढे केले. व्यासांच्या द्रोणपर्वात या निर्णयाबद्दल युधिष्ठिर स्वतःलाच दोष देतो. आपल्या बालवीरकथांमध्ये मात्र पराक्रम उरतो आणि वडीलधाऱ्यांचा हा पश्चात्ताप बहुधा गळून पडतो. दोन्ही कथांतला भेदही लक्षणीय आहे. अभिमन्यू संकट जाणून जातो. एंडरला जाणण्याचा अधिकारच नाकारला जातो.

व्यवहारात बालसैनिकाविषयीचा दृष्टिकोन उशिरा बदलला. १९८९ च्या बालहक्क संहितेने प्रत्यक्ष लढाईतील सहभागासाठी पंधरा वर्षांची मर्यादा घातली. २००० च्या पूरक करारान्वये ती अठरावर नेली गेली. भारताने २००५ मध्ये त्यास मान्यता दिली. कादंबरी या कराराच्या आधीची आहे, हे विद्यार्थ्यांना सांगणे उपयुक्त ठरेल.

खारबावच्या वर्गात मूळ इंग्रजी संहिता सर्वांना पेलेलच असे नाही. शिक्षकाने प्रथम कथानक मराठीतून सांगावे आणि अंतिम लढाईपूर्वी थांबावे. ‘हे कोणाला ठाऊक आहे?’ हा प्रश्न तेथे विचारावा, आणि शेवट वाचल्यावर ‘उत्तरदायी कोण?’ हा. अभिमन्यूची कथा त्यानंतर पुन्हा वाचावी. एंडरचे रणकौशल्य तेवढे विद्यार्थ्याच्या स्मरणात राहिले, तर शिफारस फसली असे समजावे. त्याने मोठ्या माणसांकडे जाब मागितला, तर ती सार्थ झाली.