बँजोवादक अर्ल स्क्रग्ज

अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात फ्लिंट हिल नावाचे खेडे आहे. तेथे एका शेतकरी कुटुंबात १९२४ साली अर्ल स्क्रग्जचा जन्म झाला. तो चार वर्षांचा असतानाच त्याचे पितृछत्र हरपले. वडील बँजो वाजवीत. मुलालाही तोच छंद जडला.

बँजो हे पाच तारांचे वाद्य. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा अशा तीन बोटांनी ते छेडणारे त्या मुलखात पूर्वीही होते. परंतु अर्लच्या हाती सूर मोत्यांच्या सराप्रमाणे अखंड ओघळू लागले. त्याचा तालाचा अभ्यास तर मोठा मौजेचा! तो व त्याचा भाऊ एकच धून सुरू करून घराभोवती विरुद्ध दिशांनी चालत जात आणि पुन्हा समोरासमोर येताच ताल जुळला की नाही, हे पाहत.

१९४५ साली तो नॅशव्हिल येथे बिल मन्रो याच्या वाद्यवृंदात दाखल झाला. नभोवाणीवरील त्याचे वादन ऐकून श्रोते थक्क झाले. पण ही विद्या शिकावी कशी? गुरू दूर, आणि बोटांचा वेग कानाला न पकडता येणारा. तेव्हा चाहत्यांनी एक युक्ती योजिली. मिनिटाला सुमारे ३३ फेरे घेणारी तबकडी ते १६ फेऱ्यांच्या गतीने लावीत. गती निम्मी झाली की सूर बरोबर एक सप्तक खाली उतरतात आणि प्रत्येक आघात निराळा ऐकू येतो. एकेका ओळीसाठी तबकडीवर सुई पुनःपुन्हा ठेवावी लागे. अशा चिकाटीने कित्येक तरुण घरबसल्या त्याचे शिष्य झाले. १९६८ साली त्याने स्वतःच बँजोशिक्षणाचे पुस्तक प्रसिद्ध केले.

२०१२ साली तो निवर्तला. चाहत्यांनी त्याला अखेरचा निरोप दिला तो नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात. १९४५ साली मन्रोच्या वृंदासह तो वाजवावयास उभा राहिला होता, तेथेच.