फ्रेटलेस बेसला करवत लावण्याआधी

फ्रेटलेस बेस गिटारला फ्रेट बसवून घ्यायचे मनात असेल, तर आधी वाद्य पालथे करून पाहा. नेक स्क्रूंनी बॉडीला जोडलेली दिसली, तर तिला करवत लावू देऊ नका. फ्रेट असलेली दुसरी नेक शोधा. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या बेसवर हे काम झाले आहे आणि त्यात काय काय बिघडते, ते मी पट्टी घेऊन मोजले आहे.

बेस जुना घेतलेला, ३४ इंची, रोझवूडच्या फिंगरबोर्डचा. बोर्डावर फ्रेटच्या जागा दाखवणाऱ्या रेघासुद्धा नाहीत. घरी रियाजाला सुरेख वाजायचा. पण ऑर्केस्ट्रात, अंधाऱ्या स्टेजवर, शेजारी कीबोर्ड पक्क्या सुरात चाललेला असताना बोट केसभर सरकले तरी लगेच ऐकू येते. म्हणून फ्रेट हवे होते. सुटी नेक तेव्हा मिळेना. एका गिटार-दुरुस्तीवाल्याने काम अंगावर घेतले. फ्रेट काढून फ्रेटलेस करून देण्याची कामे त्याने केली होती, तेव्हा हेही जमेल असे त्यालाही वाटले आणि मलाही.

पण फ्रेट काढणे तुलनेने सोपे. बेसवादक जॅको पास्टोरियसच्या १९६२च्या फेंडर जॅझ बेसवर तेच झाले होते: फ्रेट काढले, खाचा भरल्या, वर इपॉक्सीचा थर दिला. तिथे जागा चुकण्याचा प्रश्नच नव्हता. फ्रेट नव्याने बसवताना मात्र प्रत्येक जागा आधी ठरवावी लागते, आणि खरी मेख तिथेच आहे.

हिशोब असा. तारेची उरलेली लांबी १७.८१७ने भागली की पुढच्या फ्रेटचे अंतर मिळते. ३४ इंच म्हणजे ८६३.६ मिमी. पहिला फ्रेट नटपासून ४८.५ मिमीवर, दुसरा ९४.२वर, बारावा बरोबर मध्यावर, ४३१.८वर. वर जावे तशी अंतरे आवळत जातात; एकोणिसाव्या आणि विसाव्या फ्रेटमध्ये जेमतेम १६ मिमी उरतात. ही सगळी मापे नटपासूनच घ्यायची असतात. आमच्या कारागिराने प्रत्येक माप मागच्या फ्रेटपासून घेतले. दर वेळी ०.२ मिमी जास्त पडले, तरी विसाव्या फ्रेटपर्यंत ४ मिमी होतात. शिवाय तिथे १ मिमीची चूक कानाला पहिल्या फ्रेटवरच्या चुकीच्या तिप्पट टोचते. माझा बेस खाली ठीक लागायचा आणि वर जावे तसा चढत जायचा. ब्रिजवरचे सॅडल मागेपुढे करून एक जागा सुरात येई, तर दुसरी सुटे. सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो, सरकवून सुरात आणता येतो. फ्रेटची खाच लाकडात कापलेली असते; ती सरकत नाही.

जागा बरोबर आल्या असत्या, तरी बाकीची कामे होतीच. फ्रेटलेसच्या नटमधल्या खाचा इतक्या खोल असतात की तारा बोर्डाला जवळजवळ टेकतात. त्यावर सुमारे १ मिमी उंचीचे फ्रेट चढले की तारा पहिल्याच फ्रेटवर पडतात आणि झणझणतात. म्हणजे नवा, उंच नट हवा. सॅडल उचलावी लागतात. ती पुरेशी उचलत नसतील, तर नेकच्या खोबणीत पातळ पट्टी घालून कोन बदलावा लागतो.

खाचेची रुंदीही नेमकी लागते, साधारण ०.६ मिमी. सैल झाली तर फ्रेट उचलतात. घट्ट झाली तर वीस पाचरी एकदम ठोकल्यासारखे होते आणि नेक मागे वाकते. माझी तशीच वाकली. जुन्या पद्धतीचा ट्रस रॉड नेकला मागेच ओढतो, पुढे ढकलत नाही. तो पूर्ण सैल करूनही वाक गेला नाही. त्यातच कडेचे ठिपके. रेघा नसलेल्या फ्रेटलेसवर ते सहसा सुराच्या नेमक्या जागी असतात, फ्रेटच्या वाद्यावर दोन फ्रेटच्या मधे. त्यामुळे फ्रेट ठिपक्यांवरच आले आणि अंधारात बोट भलतीकडे जाऊ लागले.

नेक बॉडीशी एकसंध असेल आणि तेच वाद्य हवे असेल, तर बोर्डावर रेघा असल्या तरच हे काम काढा. आधी त्या रेघा नटपासून मोजून ताडून घ्या. कारागिराला तीन गोष्टी विचारा: मापे कुठून घेणार, फ्रेटच्या खालच्या पात्याची जाडी आणि करवतीची रुंदी जुळते का, आणि शेवटी फ्रेट एका पातळीत आणून, डोके गोल करून, टोके कानसणार का. बोर्डावर इपॉक्सी असेल, तर तिचे काय करणार हेही विचारा. मुंबई-कोकणात हे काम पावसाळ्यात करू नका. फुगलेले लाकूड कोरड्या दिवसांत आक्रसते आणि फ्रेटची टोके बाहेर येऊन हाताला लागतात.

दुसरी नेक घेताना खोबणीची रुंदी मोजून न्या. फेंडर धाटणीच्या बेसमध्ये ती सुमारे ६३.५ मिमी असते. नेक बसवली की नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढे अंतर, साधारण तेवढेच तिथून सॅडलपर्यंत भरले पाहिजे. भरले नाही, तर ती नेक परत करा.

माझ्या बेसवर शेवटी दुसरी नेक चढली आणि तो सुरात आला. कापलेली नेक ना फ्रेटची राहिली, ना फ्रेटलेसची. तुमची नेक शाबूत असेल तर ती कपाटात जपून ठेवा. स्क्रू काढले की फ्रेटलेस परत मिळतो.