शुगरची गोळी काय करते, काय जपावे?



खत टाकताना आपण गोणीवरचे नाव वाचतो, चारचौघांना विचारतो. पण पोटात जाणारी शुगरची गोळी मात्र 'डॉक्टरांनी दिली' एवढ्यावर गिळतो. म्हणून ही थोडी माहिती.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. ती इन्सुलिन तयार करते. इन्सुलिन म्हणजे पाटकरीच समजा. रक्तातली साखर तो शरीराच्या वाफ्यावाफ्यांत सोडतो. तो कमी पडला, किंवा त्याने सांगूनही बारे उघडेनात, की साखर रक्तातच तुंबते. हाच मधुमेह.

मेटफॉर्मिन : यकृत रक्तात जी साखर सोडते ती ही गोळी कमी करते. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात. जेवणाबरोबर घेतल्यास त्रास कमी. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व घटू शकते व पायाला मुंग्या येतात. मूत्रपिंड अधू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड : या गोळ्या स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन सोडायला लावतात. वजन थोडे वाढते. मुख्य धोका असा, की गोळी घेतली अन् जेवण राहिलं, तर साखर एकदम खाली जाते.

सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन : जेवणानंतर साखर वाढली की त्या वेळेपुरते इन्सुलिन वाढवतात. सहसा सोसतात. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. पोटात असह्य दुखू लागल्यास लगेच दवाखाना गाठावा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन : जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. लघवी वाढते, उन्हात अंगातले पाणी कमी होते, लघवीच्या जागी खाज येऊ शकते. उलट्या-जुलाब सुरू असतील किंवा उपास धरायचा असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

इन्सुलिन : १९२२ साली टोरांटोत एका मुलाला ते प्रथम टोचले गेले आणि जो आजार मृत्यूच समजला जाई तो आटोक्यात आला. 'एकदा टोचलं की सवय लागते' हा गैरसमज आहे. ज्यांच्या शरीरात ते पुरेसे तयार होत नाही, त्यांना ते लागतेच. जादा डोस किंवा चुकलेले जेवण इथेही घातक. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाचे. रात्रीची लाईट आली म्हणून उसाला पाणी द्यायला उपाशीपोटी जाणारे आपल्यात थोडे नाहीत. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन असे गेल्यास हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, माणूस बरळतो. लोकांना वाटते, प्यालाय. साखर ७० च्या खाली गेली की हे घडते. लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे. १५ मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावे व नंतर जेवू घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, ठसका लागून जीव जाईल. तडक दवाखान्यात न्यावे.

तेव्हा रानात जाताना खिशात साखरेची पुडी असू द्यावी. एकादशी, नवरात्राच्या उपासाआधी गोळीचे वेळापत्रक डॉक्टरांकडून बदलून घ्यावे. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये, अन् बरं वाटतंय म्हणून आपली बंद करू नये. 'साखर नाही, गूळ चालतो' हेही खरे नव्हे; गुळानेही रक्तातली साखर वाढतेच.

हा अंक घरातल्या मंडळींनाही वाचून दाखवावा. ऐन वेळी पुडी सोडायची पाळी त्यांच्यावरच येते.